कपाटाचा उजेड

ऑक्टोबर उजाडला की हॅरोज मिलच्या दुकानातल्या पावडरीच्या डब्या संपायच्या. लग्नसराई नव्हे, शाळेत फोटोचा दिवस असायचा. जॉर्जियातल्या आमच्या या गिरणीच्या गावात फोटोग्राफर एकच, हचिन्स साहेब. त्याच्या दिव्यांचा झोत असा, की पलीकडच्या गावातले कोंबडे पहाट झाली समजून आरवायचे आणि बिचाऱ्या कोंबड्यांना दिवसातून दोनदा अंडी घालावी लागायची. पण एवढ्या उजेडातही काळी पोरं फोटोत उतरायची नाहीत. कॉलर यायची, दात यायचे, दोन डोळे यायचे; बाकी सगळा काळोख. गोरी पोरं मात्र पापणीच्या केसासकट. साहेब सांगायचा, फिल्मलाच काळं दिसत नाही, त्याला मी काय करू.

काळी आणि गोरी पोरं एका शाळेत बसू लागून दोन वर्षं झाली होती. फोटोत अजून एकत्र आली नव्हती. मग आमच्या आयांनी तोडगा काढला, लेकरांच्या तोंडाला पांढरी पावडर. पावडर संपली तर मक्याचं पीठ. पीठ फासलेल्या एका पोरामागे कोंबड्या थेट शाळेपर्यंत गेल्या, आणि त्यातल्या एकीची म्हणे वर्षभर हजेरीही लागली. सगळे हसायचे. हसता हसता रीत पडली, आणि एकदा रीत पडली की ती कुणी पाडली हे विचारायचं राहून जातं.

फोटोच्या आदल्या रविवारी अर्नेस्टीन प्रूइट स्वयंपाकघरात लेकीचे केस सरळ करत बसली होती. शेगडीवर लोखंडी फणी तापत होती, तव्यावर कॅटफिश तळत होता, आणि चर्चमधून आल्यापासून तिचा नवरा रूफस त्या माशाकडे प्रार्थनेपेक्षा जास्त भक्तीनं बघत होता. दहा वर्षांची ओपल कान मुठीत धरून बसली होती, कारण फणी एकदा कानाला लागली की वर्षभर आठवण राहते.

कान धरल्या धरल्या तिनं विचारलं, "आई, क्लीव्हनचं नाक माझ्यासारखंच होतं का गं?"

अर्नेस्टीननं भिंतीकडे पाहिलं. क्लीव्हन तिचा थोरला. दोन उन्हाळ्यांपूर्वी नदीत बुडाला. घरात कॅमेरा कधीच नव्हता. मागे राहिला तो शाळेतला एकच फोटो. त्या दिवशी दुकानातली पावडर संपलेली, आणि पीठ लावून घ्यायला पोरगा तयार नव्हता. म्हणून फोटोत आली कॉलर, दात आणि दोन डोळे. नाकाच्या जागी काहीच नाही. आधी तिला ते नाक डोळे मिटले की दिसायचं. अलीकडे भांडी घासताना आठवायला जावं, तर भलत्याच कुणाचं यायचं.

"सांग ना," ओपल म्हणाली.

सांगता येईना. अर्नेस्टीननं मान फिरवली, तर समोर फर्निचरच्या दुकानाचं कॅलेंडर. रूफस तिथं हमाल होता. वर्षाला एक कॅलेंडर आणि रोज दहा शिव्या मालकाकडून फुकट. कॅलेंडरवर अक्रोडाच्या लाकडाचं कपाट होतं, क्लीव्हनइतकंच गडद. त्याची रेघन्‌रेघ दिसत होती. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत हचिन्स साहेबाचं नाव.

तिनं फणी खाली ठेवली. पावडरीची डबी उचलून पार वरच्या फळीवर सरकवली आणि कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं.

रूफसला सगळं क्षणात कळलं. त्यानं समजावलं की मालक आणि हचिन्स एका टेबलावर पत्ते खेळतात, पाण्यात राहून माशाशी वैर बरं नाही. "एका फोटोसाठी माझी नोकरी घालवशील," तो म्हणाला.

"एकच तर असतो, रूफस," ती म्हणाली. "आपल्याकडे एकच आहे."

रूफसनं पुढे मासा काही खाल्ला नाही. हे मात्र मी पदरचं घातलेलं नाही.

सकाळी व्यायामाच्या हॉलमध्ये पोरांची रांग लागली. गोरी पोरं भांग पाडून, काळी पोरं भुतासारखी पांढरी. पावडर फासलेल्या जुनियस नावाच्या व्रात्य पोरानं ओपलला पाहून टोमणा मारला, की आज तुझे नुसते दातच येणार, निदान घासून तरी यायचंस. ओपलनं त्याला दात दाखवले आणि जाऊन स्टुलावर बसली. आई मागे उभी राहिली.

हचिन्सनं भिंगातून पाहून डोकं वर काढलं. "पावडर नाही लावली? मग नंतर माझ्याकडे रडत येऊ नकोस, अर्नेस्टीन."

त्या गावात काळी बाई साठीची झाली तरी गोरे तिला नुसत्या नावानंच हाक मारायचे.

तिनं पिशवीतून कॅलेंडर काढून त्याच्यासमोर धरलं. "हा फोटो तुम्हीच काढलात ना, साहेब?"

साहेब खूश झाला. खुशीत माणूस खरं बोलतो. त्या कपाटासाठी अर्धा दिवस खपलो, असं त्यानं सगळ्या रांगेला ऐकवलं. गडद लाकूड असं सहज उतरत नाही, दिवे जवळ घ्यावे लागतात, एक बाजूनं लावावा लागतो, भिंग जास्त उघडावं लागतं.

"म्हणजे येतं तुम्हाला," अर्नेस्टीन म्हणाली.

रांगेतल्या सगळ्या माना साहेबाकडे वळल्या.

साहेबाची मान लाल झाली. तो म्हणाला, रांग मोठी आहे, एकेका पोरासाठी दिवे हलवत बसलो तर नाताळ उजाडेल. ती म्हणाली, कपाटाला वेळ होता. तो म्हणाला, कपाटाचे मालकानं पैसे दिलेत. ती म्हणाली, आम्हीही फोटोचे तेवढेच देतो जेवढे गोरे देतात, फक्त चेहरा मिळत नाही. आवाज तिनं मुळीच चढवला नाही. हेडमास्तर आले, त्यांनी ओपलला उठायला सांगितलं. ओपलनं स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी पकडल्या. स्टूल एकच होतं. ती उठल्याशिवाय गोऱ्यांचेही फोटो निघेनात. नवऱ्याच्या नोकरीचा विचार कर, असं हेडमास्तरांनी आईला हळूच सुचवलं. पण लेकीच्या खांद्यावरचा हात तिनं काढला नाही.

तेवढ्यात जुनियसनं बाहीनं तोंड पुसलं. एक गाल, मग दुसरा. त्याच्या मागच्या पोरीनं फ्रॉकचं टोक उचललं. मग सगळी रांग पुसू लागली. पावडरीचा ढग असा उठला, की गावावर बर्फ पडलं समजून गिरणीवाल्यांनी भोंगा वाजवला, असं लोक म्हणतात. ढग खाली बसला तेव्हा हॉलमध्ये एकही भूत उरलं नव्हतं. नुसती पोरं होती, आपापल्या रंगाची.

हचिन्सनं दातांखाली शिवी चघळली आणि दिवा ओढला. लोखंडी पाय फरशीवर करकरला.

"मिसेस प्रूइट," तो गुरगुरला, "जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतेय."

मालकानं रूफसला महिनाभर जड कपाटं एकट्यानं उचलायला लावली. त्यानं उचलली.

फोटो आला तेव्हा अर्नेस्टीन तो खिडकीशी घेऊन गेली. रुंद नाक, एका बाजूला किंचित कललेलं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग लेकीला जवळ ओढून म्हणाली, "हो. असंच होतं."

तो फोटो तिनं क्लीव्हनच्या शेजारी लावला. आता हा जुना, चेहरा नसलेला, कशाला ठेवतेस, असं शेजारणी विचारतात. ती अजून तेच उत्तर देते.

"दिवा हलवता येत होता, हे विसरू नये म्हणून."