सहकर्जदार

प्रभु जाऊन आठ महिने झाले, तरी सोमलिंगला अजून एकदाही रडू आलं नव्हतं. टॉवेलच्या कारखान्यात तो मागांची दुरुस्ती करायचा. पोराला माती दिल्यावर पाचव्या दिवशी तो कामावर हजर झाला. लोक म्हणाले, छातीचा घट्ट आहे. तसं काही नव्हतं. मागांच्या खडखडाटानं कान बधिर व्हावेत, तसा तो सगळाच बधिर झाला होता.

जुळे सोलापुरातला दोन खोल्यांचा फ्लॅट प्रभुनंच बघून ठेवला होता. बापलेकांनी मिळून कर्ज काढायचं ठरलं होतं. फ्लॅटचा मालक ओळखीचा, म्हणून इतके दिवस थांबला. पण आता त्याचा निरोप आला, घेताय की दुसऱ्याला देऊ?

"घेऊ," सोमलिंग म्हणाला. भूक नसताना माणूस ताटावर बसतो, तसं म्हणाला. ओळखीच्या एका एजंटानं तीन बँकांचे फॉर्म आणून दिले. "सगळीकडं टाका, कुटंतरी बसंल."

सून श्रीदेवी खासगी दवाखान्यात नर्स होती. तिनं ते फॉर्म उचलून फळीवर ठेवले. "मामा, आदी विचारून तर घेऊ की, आपण नियमात बसतो का न्हाय. केलेल्या अर्जाची नोंद राहते म्हणं. नकार साठले की पुढची बँक बी बिचकते."

शनिवारी दोघं बँकेत गेली. कर्जाच्या टेबलावर अरिबा नावाची तरुण अधिकारी होती.

"काका, वय?"

"सत्तावन्न."

"आणि निवृत्ती?"

"अठ्ठावन्नला."

अरिबानं पेन खाली ठेवलं. "पगार असतो तोवरचेच हप्ते आम्ही धरतो. एका वर्षात फिटेल एवढ्या कर्जात घर नाही येत, काका. कमावता मुलगा असेल तर त्याला सहकर्जदार घ्या. मुदत वाढते."

"हाय की," सोमलिंग म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "हुता."

अरिबाची मान खाली गेली. सोमलिंगलाच तिची कीव आली. त्या बिचारीला काय माहीत.

"मी सून," श्रीदेवी पुढं सरकली. "मामांच्या जोडीला मी चालंन का?"

"नवरा-बायको चालतात, आई-बाप आणि मुलं चालतात. सासरा आणि सून आमच्या नियमात बसत नाहीत." अरिबानं तिच्या पगाराच्या पावत्या चाळल्या. "पण तुम्ही एकट्या बसता. नोकरीला चार वर्षं झालीत, पगार खात्यात जमा होतो, दुसरं कर्ज नाही. सुरुवातीची रक्कम मात्र घरातून घालावी लागेल. आणि घरावर ज्याचं नाव, त्यानं कर्जातही असायला लागतं. म्हणजे घर तुमच्या एकटीच्याच नावावर होईल."



घरी गुरम्मानं सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापायची थांबवून तिनं नवऱ्याकडं बघितलं. "म्हंजी जमवलेलं समदं आपण घालायचं, आन् घर तिचं? तीस वर्साची पोर हाय ती. उद्या दुसरं लगीन केलं तर आपण कुटं जायचं?"

श्रीदेवी दारातच दोरीवरचे कपडे काढत होती. तिला ऐकू गेलं. ती आत येऊन खाली बसली.

"आत्या, लगीन करणार न्हाय असं मी सांगू शकत न्हाय," ती सावकाश म्हणाली. "उद्याचं मला काय बी दिसंना झालंय. खोटं कशाला बोलू? तुमी नको म्हणाला तर अर्ज करत न्हाय. भाड्याचंच बरं हाय."

तव्यावरची भाकरी करपू लागली. गुरम्माला ती उलटायचं सुचेना. सोमलिंगनंच उठून भाकरी काढली. या पोरीनं दवाखान्यात प्रभुच्या उशाशी अकरा दिवस काढले होते. शेवटच्या पहाटे बाहेर येऊन "मामा, आत चला," एवढंच ती म्हणाली होती. त्या दिवशीही ती खोटं बोलली नव्हती.

"अर्ज कर," तो म्हणाला.

"मामा, आत्या..."

"तिला मी बघतो. तू कर."

गुरम्मा दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पेटीतून बचतीची पावती काढली आणि सुनेच्या हातात दिली.

अर्ज एकाच बँकेत गेला. महिन्याभरात कर्ज मंजूर झालं. खरेदीखताला सोमलिंगनं साक्षीदाराच्या जागी सही केली आणि दुपारच्या पाळीला कारखान्यात गेला.

चहाच्या सुट्टीत शेजारच्या मागावरच्या लालसाबनं विचारलं, "घर घेतलं म्हणं, सोमलिंग?"

"सुनेनं घेतलं."

"नशीबवान हाईस गड्या!"

सोमलिंगनं मान हलवली. बरं वाटावं म्हणून तो वाट बघत राहिला. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. पलीकडचा माग अडला होता. चहा अर्धा ठेवून तो तिकडं गेला.