तीन ठिपक्यांचं भूत

शनिवारी आदर्श नगरच्या मैदानात पाय ठेवायला जागा नसायची. बस्सी गावाहून येणारे वाहनसिद्ध बाबा तिथे गाड्यांतली भुतं काढत. माणसांची काढणारे पुष्कळ झाले, यांनी आपलं गिऱ्हाईक बदललं होतं. बोनेट उघडायचं, चेल्याने आत हात घालून शेजारचा माणूस दिसेनासा होईल इतका धूप घालायचा, आणि बाबांनी डोळे मिटून गरजायचं, "निकल, चांडाल, निकल!"

त्या शनिवारी बाबांची स्वतःचीच पांढरी गाडी धापा टाकत मैदानात आली.

"भक्तांची पापं अंगावर घेते बिचारी," सुलोचनाबाई हात जोडून म्हणाल्या. त्यांची गाडीही तशीच, त्याच कंपनीची, त्याच रंगाची. बाबांनी तिलाही धूप दिला. धूर विरल्यावर सुलोचनाबाईंच्या मुलाने, संकल्पने, किल्ली फिरवली, आणि येताना सुरळीत आलेली गाडी थडथडायला लागली.

बाबांचं बोट त्यांच्या सुनेकडे, उत्कर्षाकडे वळलं. "इस बहू की छाया भारी है. चालीस दिन दूर रखो, गाड़ी अपने आप ठीक हो जाएगी."

मग चेल्याने बाबांच्या गाडीच्या बोनेटखालीही धूप घातला आणि बाबा तिच्यात बसून निघून गेले. त्यांच्या गाडीची धाप पार नाहीशी झाली होती. लोकांनी त्याचाही जयजयकार केला.

उत्कर्षाने मात्र ते कानात साठवून ठेवलं. तिचे वडील रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते, आणि इंजिनाचा आवाज ऐकून न ऐकल्यासारखा करणं तिला जमतच नसे.

मे महिना, रेल्वेगाड्या भरलेल्या. तिला माहेरी धाडायचं तिकीट तीन आठवड्यांनंतरच्या रविवारचं मिळालं. तोवर गाडीला हात लावायचा नाही, असा सासूबाईंचा हुकूम होता. भर उन्हात ती राजा पार्कच्या बाजारातून भाजी घेऊन पायी यायची, आणि घरची गाडी थडथडत तिच्या बाजूने निघून जायची.

"आई, इंजिनात बिघाड आहे. मला एकदा बघू तर द्या."

"मतलब बाबाजी खोटं बोलतात?"

"चाळीस दिवसांचाच तर प्रश्न आहे," संकल्प खाली मान घालून म्हणाला. उत्कर्षाला सासूपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. त्या दिवशी तिने ठरवलं, हे सगळं सव्याज परत करायचं.

एका दुपारी मायलेक रिक्षाने लग्नाला गेले आणि तिने बोनेट उघडलं. चार सिलिंडर, प्रत्येकावर ठिणगी देणारी एकेक कॉइल. एकेका कॉइलची वायर काढून तिने दर वेळी इंजिन चालू करून पाहिलं. पहिलीला थडथड वाढली, दुसरीला वाढली, चौथीलाही. तिसरीची वायर काढून काहीच फरक पडला नाही. म्हणजे ती आधीपासूनच मेलेली होती. मग तिने तिसरी कॉइल पहिल्या जागी लावली, तर बिघाडही निमूटपणे पहिल्या जागी गेला. पाना फिरवला की भूत जागा बदलत होतं.

आणि त्या कॉइलवर ठिपके नव्हते. शेडमध्ये वडील सुट्या भागांवर रंगाने खुणा करत. दिवाळीत प्लग बदलताना उत्कर्षाने तशाच खुणा जांभळ्या नेलपॉलिशने केल्या होत्या. एक, दोन, तीन, चार. तीन ठिपक्यांची कॉइल गेली कुठे? तिला बाबांच्या गाडीची नाहीशी झालेली धाप आठवली आणि ती एकटीच हसली. मेलेली कॉइल तिने पुन्हा तिसऱ्या जागी बसवली.

तिकिटाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती डोक्यावर पदर घेऊन बाबांसमोर उभी राहिली. हातात ताट, ताटात झेंडूची फुलं. मायलेक घरची गाडी घेऊन आले होते.

"बाबाजी, जाने से पहले आपकी गाड़ी की पूजा करनी है. बोनेट खुलवाइए."

चेला चुळबुळला. पण चारशे माणसं बघत होती, आणि बाबांना मान मोठा गोड लागे. बोनेट उघडलं. उत्कर्षाने झेंडूखालून दहा नंबरचा पाना काढला आणि काही कळायच्या आत एक कॉइल उपसून वर धरली.

"हे तीन ठिपके कसले, बाबाजी?"

"देवी का चिह्न है, मूर्ख!"

"देवी माझं नेलपॉलिश कधीपासून लावते?" तिने पर्समधून जांभळी बाटली काढली आणि शेजारी चौथा ठिपका दिला. रंग तोच होता. मग घरच्या गाडीतून बाबांची मेलेली कॉइल काढून तिने त्यांना परत बसवून दिली आणि आपली आपल्या गाडीत लावली. दोन्ही गाड्या चालू करायला लावल्या. तिची गाडी सुरळीत चालली. बाबांची मैदानभर ऐकू जाईल इतकी थडथडली.

"आता ही कुणाच्या सुनेची छाया?" तिने विचारलं.

आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच. बाबा थडथडत बस्सीच्या रस्त्याला लागले. उत्कर्षाला त्यांची तिळमात्र दया आली नाही.

"धुरात हात घालून चोरी केली, एवढाच चमत्कार," ती लोकांना म्हणाली. "गाडी बिघडली तर वायर तपासा, प्लग तपासा, नाहीतर मिस्त्रीला दाखवा. घरातली बाई तपासत बसू नका."

सुलोचनाबाई गाडीचं दार उघडायला गेल्या. स्टिअरिंगवर बसलेल्या उत्कर्षाने दार आतून लॉक केलं आणि काच चार बोटं खाली केली.

"आई, हे ऊन मी तीन आठवडे सोसलंय. आज तुम्ही दोघं पायी या. घरी पोचलात की माझं उद्याचं तिकीट ठेवायचं की रद्द करायचं ते बोलू."