मेन पाडण्याआधी

नेटवर्क बसवणाऱ्या कंपनीच्या अब्दुल गफ्फारनं लॅपटॉपची निळी केबल राउटरला लावली, एन्टर दाबलं आणि पडदा वाचला. काल त्यानं राउटरला दिलेलं नाव पडद्यावर नव्हतं. तीन तास बसून टाइप केलेलं सगळं गायब होतं.

बाहेर दर्यापूरच्या बाजार समितीत तूर नोंदणीची रांग फाटकापर्यंत गेली होती. आज शेवटचा दिवस, पाचला नोंदणी बंद. आणि सकाळपासून इंटरनेटची लाइन ठप्प.

सचिव खुशालरावांनी गुन्हेगार केव्हाच धरला होता. झाडलोट करणारी पार्बताबाई. शॉर्टसर्किटच्या धास्तीनं संध्याकाळी मेन स्विच पाडून जायचं, ही रीत खुद्द त्यांनीच लावलेली. पण आज ते कोणाला आठवतंय? उद्यापासून येऊ नको, असं तिला सांगूनही झालं होतं.

"भाऊ, म्या रोजच्यावानीच मेन पाडलं," ती दारातून म्हणाली. "मशीन मेली का माह्या हातानं?"

गफ्फारची बोटं सराईतपणे कालचेच आकडे पुन्हा भरत होती. राउटरला दिलेला हुकूम लगेच चालू होतो. मात्र 'जपून ठेव' हे वेगळं सांगावं लागतं, नाहीतर वीज गेली की पाटी कोरी. काल काम जमलं, चहा आला आणि तेवढा एक शब्द राहिला. अठरा वर्षं हाताखालच्या पोरांना हेच बजावत आलेला माणूस! त्याचं कंपनीबरोबरचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

पावणेचारला लाइन आली, रांग हलली. खुशालराव खूश झाले. कंपनीला तुमचं कौतुक कळवतो, म्हणाले, आणि या बाईचा प्रतापही लिहितो.

"बाईचं नका लिहू, साहेब." गफ्फार म्हणाला. "सेव्ह करायचं मीच विसरलो काल. माहं नाव लिहा."

खुशालराव बाईला उद्या ये म्हणाले, आणि चष्मा लावून त्यांनी गफ्फारचं नाव खरंच लिहिलं.

साडेपाचला खोली रिकामी झाली. गफ्फारनं राहिलेला शब्द टाइप केला. पार्बताबाई मेनपाशी थांबली होती, पण तिचा हात उठेना.

"पाडा," गफ्फार म्हणाला.

तिनं पाडलं. सगळे दिवे विझले.

"आता उचला."

दोन-तीन मिनिटं दोघं राउटरकडे बघत उभे राहिले. दिवे एकेक करून परत लागले आणि पडद्यावर कालचं नाव आलं. मग गफ्फारनं केबल गुंडाळली, पार्बताबाईनं पुन्हा मेन पाडलं आणि दाराला कुलूप लावलं.