अत्री वगळला तेव्हा

तारे कसे दिसावेत हे ठरवायला आकाश दाखवणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये सहा गोष्टी होत्या: आकार, तेज, लुकलुक, रंग, नावं आणि प्रतीची मर्यादा. खोलीत दोन खुर्च्या, एक संगणक आणि खिडकीवर ओढलेला जाड पडदा. दुपारचे सव्वातीन.

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवली. आता नजरेत मधोमध डाग पडला होता, पण तो किती पसरलाय हे ते सांगत नव्हते. दुकान बंद करताना म्हणाले, "लोकांना घड्याळ बघायलाच वेळ नाही." घरात सवयीने वावरायचे, त्यावरूनही काही कळेना. मला लांबच्या वेधशाळेत नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. बाबांना निदान मोठे तारे दिसले तरच जाईन, असं मी घरात सांगून टाकलं होतं.

मी लुकलुक बंद केली, रंग घालवले, नावं पुसली, बारीक तारे गाळले. आकार आणि तेज टोकाला नेलं. स्क्रीनभर सप्तर्षी, बाकी काही नाही.

"सप्तर्षी लावलेत, शेंगदाण्याएवढे केलेत, बाबा."

"मग मोजू की भाजू?"

सुरुवात कळावी म्हणून त्यांचं बोट पहिल्या ताऱ्यावर टेकवलं. ते काचेवरून सरकत गेलं. "सात."

चौदा सेकंद.

"झाली का परीक्षा?" आई दारातून म्हणाली. "चहाचं पार पाणी झालंय."

"पैकीच्या पैकी! हिची बॅग भरायला घे."

मला हायसं वाटलं. पण एका मोजणीवर कुणी निष्कर्ष काढत नाही. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. सातांत अत्री सगळ्यात मंद, त्याची प्रत तीनच्या पुढची. मर्यादा तीनवर आणली की तो एकटाच जातो. मी आणली. चौकोनाचा एक कोपरा रिकामा झाला.

"पुन्हा मोजा ना."

"मास्तरीणबाई, पास झालोय मी." तरी बोट निघालं. रिकाम्या कोपऱ्यावरही क्षणभर टेकलं. "सात."

तेरा सेकंद.

"गप्प का झालीस गं? चुकलं का?"

"नाही. बरोबर आहे."

"मग सोमवारी गाडीत बसायचं. माझ्या डोळ्यांपायी थांबलीस ना, तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

"एकदाच अजून, बाबा. शेवटचं."

प्रोग्रॅममध्ये 'तारे दाखवा' यापुढची बरोबरची खूण मी काढून टाकली. स्क्रीन काळी झाली. बाबांचं बोट धरून काचेवर ठेवलं आणि सोडलं.

स्क्रीनवर तारे शून्य. बाबांनी मोजले सात. वेळ अकरा सेकंद.