वाडी वसली त्याची गोष्ट

मुलुंडच्या डोंगराकडेला वाडीचा वर्धापनदिन होता. वाडी म्हणजे आता उंच इमारती, पण नाव तेच राहिलं होतं. कमिटीचा अध्यक्ष सुबोध रुक्मिणीबाईंच्या घरी येऊन त्यांना हाताला धरून घेऊन गेला. वाडी वसवणाऱ्यांपैकी आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

सुबोधने माईकवर त्यांच्या नवऱ्याचं, कैलासवासी सीतारामचं, कौतुक चालवलं. शहर इथवर येणार हे त्या साध्या गिरणी कामगाराने ओळखलं होतं, असं तो सांगत होता. रुक्मिणीबाई ऐकत होत्या. सीतारामने असलं काही ओळखलं नव्हतं. लालबागच्या खोलीत दोन बिऱ्हाडं मावेनात, म्हणून तो आणि मार्तंड, म्हणजे या सुबोधचा बाप, बायकांना घेऊन इथे आले. कमरेएवढं गवत होतं. ते कापून कुडाच्या झोपड्या उभ्या केल्या. पाणी खाणीतल्या डबक्यातून यायचं आणि अंधार पडला की बिबट्याच्या भीतीने कुणी दार उघडत नसे. पहिला पावसाळा काढल्यावर मार्तंडने परत जायचं ठरवलं. सीतारामनेही सामान बांधलं होतं.

त्याच आठवड्यात रुक्मिणीबाईंची तान्ही मुलगी तापाने गेली. दवाखाना गाठेपर्यंत वाटेतच गेली. सीतारामने झोपडीमागे खड्डा खणला. मार्तंड गाडी सांगून आला, तेव्हा सीताराम उंबऱ्यात बसून होता.

"माका आता खंयच जावचा नाय," तो म्हणाला. "चेडू हय आसा."

त्याला एकट्याला टाकून जाणं मार्तंडच्या जिवावर आलं. तोही राहिला. दोन घरं टिकली म्हणून तिसरं आलं, मग गाववाले येतच गेले.

"काकू, दोन शब्द बोला ना," म्हणत सुबोधने माईक पुढे केला. "तुम्ही का राहिलात इथे?"

"मुलगी पुरली होती इथं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "म्हणून राहिलो."

आपल्याला रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलं नाही. शाल पांघरली गेली, मग जेवणं झाली. त्यांनी श्रीखंडही खाल्लं.

घरी नातीने, श्रुतिकाने, त्या मुलीचं नाव विचारलं. बारसं व्हायचं होतं, त्या म्हणाल्या. चेहरा आठवून पाहिला, तोही येईना.

दुसऱ्या दिवशी सुबोध आला. त्याचे डोळे लाल होते. बाबा कधी बोलले नाहीत, म्हणाला. ती जागा दाखवा, तिथे छोटंसं काहीतरी बांधू.

रुक्मिणीबाईंनी खिडकीतून खाली बोट केलं. तिथे गाड्या उभ्या होत्या.

"नको रे," त्या म्हणाल्या. "लोकांनी मग गाड्या कुठे लावायच्या?"

सुबोध खिडकीशी जाऊन खाली बघू लागला. त्यांनी चहाचं आधण ठेवलं.