मायचा नियम

रुपाने फोनवर राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं आणि मायच्या फोनचा नियम बोटाने वर ओढायला घेतला. दोनदा तो निसटून पुन्हा तळाशी जाऊन बसला.

शोभामावशीला सुरतेत अग्नी देऊन सगळे कालच ब्राह्मणपुरीला परतले होते. सकाळी रुपाने राउटर बसवणाऱ्या दिनेशदादाला फोन केला. त्याने सांगितलं, राउटर नियम वरून खाली वाचतो. पहिला लागू पडणारा नियम सापडला की पुढचे बघतच नाही. आणि नवा नियम आपोआप तळाशी जातो, तो वर न्यावा लागतो.

घरात वायफाय आलं तेव्हा नियम लावायला रुपा एका दुपारीत शिकली होती. मैत्रिणी ‘इंजिनीअर बाई’ म्हणून चिडवायच्या, तिला ते भारी आवडायचं. पहिलाच नियम तिने स्वतःसाठी लावला: संध्याकाळी तिचा क्लास आधी, बाकी सगळ्यांचा व्हिडिओ संथ. मग मावशी दवाखान्यात गेली. तिला फोन संध्याकाळीच मिळायचा, आणि मायला तिला बघायचं असायचं. रुपाने मायच्या फोनला मोकळीक देणारा नियम जोडला, ‘झालं माय’ म्हणाली आणि क्लासला बसली.

त्यानंतरही व्हिडिओ कॉलवर मावशीचा चेहरा यायचा, ओठ उघडायचे आणि तिथेच थिजायचे. सुरतचंच नेट खराब असेल, असं माय म्हणायची. रुपाही हो म्हणायची.

नियम शेवटी वर बसला. माय ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. रुपा तिच्यासमोर बसली, पण तिच्याकडे न बघता सालं गोळा करू लागली.

“माय, सुरतनं नेट चांगलं व्हतं. मन्हाच नियम आडवा व्हता.”

मायचे हात थांबले. मग पुन्हा शेंगांकडे गेले.

“शेवटला दिन ती काहीतरी सांगी ऱ्हायनी व्हती,” माय म्हणाली. “मी नुस्ती मान हालाई. तिले वाटनं व्हई, माले समजनं.”

रुपाच्या मुठीत सालं चुरडली.

“आते मन्हा फोन वर शे?” मायने विचारलं.

“हा. सगळास्ना वर.”

मायने पदराला हात पुसले, फोन घेतला आणि शोभाच्या नावावर बोट ठेवलं. व्हिडिओ कॉल नुसता वाजत राहिला. पडद्यावर मायचाच चेहरा दिसत होता, स्वच्छ, जराही न अडकता.