ठिगळाखालचा नाला

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. दोन हात मांजरपाट आणि वर-खाली बांबूच्या काठ्या, एवढंच माझं शरीर. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. सोनाळ्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा गावात प्रेमलाबाई नावाच्या शिक्षिकेने मुलांच्या हातून मला घडवलं. "आधी चाला, मग काढा," असं त्या म्हणायच्या. मुलं शिवारभर पावलं मोजत हिंडली, आणि माझ्या अंगावर गाव उतरलं.

डोंगर, उतार आणि नाला निळ्या-हिरव्या रंगात. तो प्राकृतिक भूगोल. कपाशी, ज्वारी आणि बाजाराच्या गाडीवाटा पिवळ्यात. तो आर्थिक भूगोल. घरं नि आळ्या तांबड्यात. तो वस्तीचा भूगोल. "ही तिघं भावंडं आहेत. उद्या गावाचं शहर झालं, तरी एकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याने पाऊल टाकू नये," बाई सांगायच्या. तपासणीला आलेले साहेब "वा!" म्हणाले. मी कितीतरी दिवस फुगून होतो.

वर्गात काठी टेकवून नाला दाखवला जायचा, त्यामुळे मी नेमका तिथेच विरलो, फाटलो. तोवर बाईंची बदली झाली होती. कुणीतरी मायेने पांढरं ठिगळ लावलं. रंग भरायचा मात्र राहून गेला.

पुढे आठवडी बाजाराला जागा हवी होती. सरपंच उकंडरावांनी मला चावडीत टांगलं आणि सडकेजवळ, बरोबर त्या ठिगळावर बोट ठेवलं.

"हे पाहा, मोकळी जागा! ना शेत, ना घर."

दारात भाजीवाली जनकाबाई उभी होती, कडेवर तान्ही लेक.

"भाऊ, तो नाला हाय. डोंगरात पानी पडलं का तिथूनच उतरते."

"आठ वर्सं झाली, घोटाभर पानी नाही त्याले. नकाशात दिसून राह्यला का तुले?"

"मले नकाशा नाही समजत भाऊ, पानी समजते."

"मंग पान्यालेच सरपंच करा बे!"

सगळे हसले. कसनुसं तीही हसली, आणि बाजाराच्या दिवशी तिथेच जाऊन बसली. न बसून लेकीला काय खाऊ घालणार होती?

मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. पण मला तोंड नव्हतं.

भाद्रपदातली दुपार होती. गावात लख्ख ऊन, पाऊस सारा डोंगरावर. लोंढा आला तेव्हा लोक वांगी तोलून घेत होते. जनकाबाई लेकीला उराशी धरून काठ चढली; दगड निसटला, पाय खाली चेंगरला. लेक वाचली. पाय कायमचा अधू झाला. डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जाणं संपलं. हे सारं मी चावडीत ऐकलं.

"नकाशाच खोटा निघाला," उकंडराव म्हणाले, आणि मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. आता उंदीर माझं शिवार कुरतडतात.

मित्रांनो, नकाशे जपा. फाटले तर जरूर शिवा, पण काय झाकलं जातंय तेही पाहा. आणि नवा नकाशा काढायला निघालात, तर पहिल्यांदा जनकाबाईसारखीच्या घरी जा. तिच्याजवळ टेकून बसा, पाणी कुठून येतं ते विचारा, आणि ती बोट दाखवील तिथेच निळी रेघ ओढा.